मुनीमजींच्या डोक्यावरचा दिवा

होल्डर वितळून वायरीला लोंबत होता, बल्ब अजून जळत होता आणि त्याच्या बरोबर खाली कासव बसलं होतं. मी आधी मेन स्विच पाडला. मग विचारलं, "हे कोणी बसवलं?"

"पीओपीवाल्यानं," अजितशेठ म्हणाले. "त्यानं सांगतलं, हूक मारून देतो, तुमी बल्ब लटकवा. आमी लटकवला."

कारंज्यात मी वायरिंगची कामं घेतो. दालमिल, शेतातले पंप, लग्नाचे मांडव, नवी घरं, सगळं करून झालंय. कासव हे गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळालं. अजितशेठ धान्याचे व्यापारी. त्यांच्या नव्या घराचं वायरिंग माझंच, म्हणून बोलावणंही मलाच आलं. हे आफ्रिकेतल्या जातीचं कासव, त्याची सरकारी नोंदणीही केलेली. आपल्याकडचं स्टार कासव घरात पाळणं गुन्हा आहे, हे मला त्यांच्या पत्नीनं, म्हणजे स्नेहावहिनींनी, मी न विचारताच सांगितलं. मान खाली घालून सावकाश चालतं म्हणून त्याचं नाव मुनीमजी.

मुनीमजी आजारी होते. भाद्रपदाची झड लागलेली, ऊन नाही. कासवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. त्यांनी खाणं सोडलं होतं आणि नाकातून पाणी येत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं, "चोवीस तास ऊब द्या. छातीत सर्दी उतरली तर माझ्याकडे आणूनही उपयोग नाही." वहिनींनी हे कासव तळहाताएवढं असल्यापासून वाढवलेलं. त्या दाराशी उभ्या राहून माझ्या हातांकडे बघत होत्या. अशा नजरेखाली काम करणं मला अजिबात आवडत नाही.

चूक काय होती ते सांगतो. पीओपीचं छत म्हणजे खालून दिसायला गुळगुळीत आणि आतून पोकळ. त्यात मारलेला हूक वजन धरत नाही. दुसरं, बल्ब नुसत्या वायरीवर लटकवलेला. वायर करंट न्यायला असते, ओझं उचलायला नसते. तिसरं, होल्डर प्लास्टिकचा. उष्णतेचा बल्ब तासन्‌तास पेटला की प्लास्टिक मऊ पडणारच.

मी पीओपीला भोक पाडून वरच्या स्लॅबपर्यंत ड्रिल केलं आणि लोखंडी फास्टनर ठोकला. त्याला साखळी. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून शेजारी वेगळ्या फास्टनरवर आणखी एक. होल्डर चिनीमातीचा, वायरीवर उष्णता सोसणारं आवरण, बल्बभोवती तारेचा पिंजरा. दिवा पाठीपासून दीड हातावर ठेवला. ऊन मिळालं नाही तर कासवाचं कवच मऊ पडतं, म्हणून उन्हातले किरण देणारी यूव्ही ट्यूबही बसवली. थर्मोस्टॅट लावला, म्हणजे ठरलेली ऊब झाली की बल्ब आपोआप बंद. शेवटी साखळीला स्वतः लोंबकळून पाहिलं. अजितशेठ घाबरले, पण साखळी हलली नाही. मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन. "विलासभाऊ, लवकर या. जळका वास येऊन राह्यला."

माझ्या कामातून जळका वास म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. गाडी काढली, पावसात गेलो. वरच्या खोलीत जाऊन पाहतो तो बल्बच्या पिंजऱ्याला पांढरं मलमलचं फडकं गुंडाळलेलं. चांगली गाठ मारून बांधलेलं. एका बाजूनं ते तपकिरी पडून धुरकटत होतं. मी स्विच बंद करून ते ओढून काढलं. हात पोळला.

"हे कोणी बांधलं?"

"मी," मागून आवाज आला.

मोठ्या बाई, म्हणजे अजितशेठच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, ताठ. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि बाईंचं एकभुक्त होतं. पाण्यातला जीव मरू नये म्हणून या घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत. नळाला बांधायचं तेच फडकं बाईंनी दिव्याला बांधलं होतं.

"बाई, घर पेटलं असतं," मी म्हणालो. आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही. "मुनीमजी जिवंत भाजला असता."

"सकाळी खोली झाडाले आली," बाई म्हणाल्या. "खाली दिव्यावरच्या पाखरायचा, पतंगायचा सडा पडला होता. पंख जळलेले. कोनी तडफडून राह्यले होते. पर्वाच्या दिवसात, माह्या घरात. एका जिवासाठी किती जीव जाळता, सांग मले."

मी कामाला आलो होतो, वादाला नाही.

"फडकं नाही पाह्यजे तं दिवा काढ," बाई म्हणाल्या.

"आई, दिवा काढला तं तो मरते," वहिनी म्हणाल्या.

"अन् लावला तं हे मरतात. दिवा असाच राह्यला तं मी या घरात जेवनार नाही."

दिवसातून एकदाच जेवणारं माणूस असं म्हणतं तेव्हा घरात कोणी हसत नाही. अजितशेठ माझ्याकडे बघायला लागले, जणू काही स्विचबोर्डात या भानगडीचंही एक बटण असावं.

"काच लावली तं?" त्यांनी विचारलं.

"बल्बला बंद काच लावली तर आत गरमी कोंडते आणि तो फुटतो. ट्यूबला लावली तर काच किरण अडवते. मग ती लावून उपयोग काय?"

"खिडक्यायले जाळी हाये की."

"पाखरं दारातून येतात, मोरीतून येतात. उजेड दिसला की येतात."

अजितशेठनी घसा साफ केला. "मंग पुन्याले माह्या ताईकडे देऊन टाकू त्याले. तिथं ऊन असते."

वहिनी खाली बसल्या आणि मुनीमजींच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार पडायला लागली होती. मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या लांबच्या प्रवासात ते कासव टिकलं नसतं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मोठ्या बाईंनाही कळत होतं. त्यांचा चेहरा काही आनंदी नव्हता.

मग बाईच चिडून म्हणाल्या, "रात्रीच्या वक्ती त्याले उजेड कायले पाह्यजे पन? पोथी वाचते काय तो?"

मी सामान गोळा करत होतो, तो थांबलो. प्रश्न बरोबर होता. ऊब आणि उजेड एकाच बल्बमधून मिळतात म्हणून आपण दोन्ही एकच धरून चालतो. तशी ती एकच असायला हवीत असं नाही. मी वहिनींना डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर विचारलं, रात्री कासवाला उजेड लागतो का?

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "उजेडात त्याची झोप मोडते. रात्री काळोख आणि ऊब. सिरॅमिक हीटर मिळतो, तो लावा."

सिरॅमिक हीटर म्हणजे दिसायला बल्बसारखाच, पण चिनीमातीचा. होल्डरमध्ये बसतो, तापतो आणि उजेड मात्र काडीइतकाही देत नाही. कारंज्यात कोणाकडे नव्हता. डॉक्टरांकडे एक होता. अकोल्याला वहिनींचा भाऊ राहतो, त्यानं तो दुसऱ्या दिवशी एसटीनं पाठवला. मधली रात्र वहिनींनी मुनीमजींना खोक्यात ठेवून गरम पाण्याच्या पिशव्यांवर काढली.

हीटर मी वेगळ्या साखळीवर बसवला. उजेड नसल्यामुळे तो चालू आहे की बंद हे डोळ्यांना कळत नाही, आणि माणूस सहज हात लावून बसतो. म्हणून त्याचा पिंजरा मोठा केला आणि त्याला बारीक जाळी लावली. बाई खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या.

"याच्यानं पाखरू मरन का?"

खोटं बोलून काम उरकता आलं असतं. "जाळीतून आत शिरून बसलं तर मरेल," मी सांगितलं. "पण याच्याकडे ते ओढलं जाणार नाही. पाखरू उजेडाला येतं, गरमीला नाही."

"म्हन्जे आपन त्याले बोलवत नाही."

"नाही बोलवत."

बाईंनी मान हलवली. उजेडाचा बल्ब आणि ट्यूब मी टायमरवर टाकली. उजाडल्यावर चालू, दिवस मावळायच्या आधी बंद. या घरात सूर्यास्तानंतर कोणी खात नाही. मुनीमजीही तेव्हा झोपतात, त्यामुळे टायमरची वेळ घरच्या स्वयंपाकघरावरूनच ठरली. त्या दिवशी बाई जेवल्या.

चार-दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. मुनीमजींनी शेवग्याचा पाला खाल्ला. आधी एक पान हुंगलं, मग सगळी डहाळी संपवली. हे सांगताना त्या रडत होत्या. नाकाचं पाणीही थांबलं होतं. मी "छान, छान" म्हणत राहिलो.

इथं काम संपायला हवं होतं. पण पर्व संपल्यावर मला पुन्हा निरोप आला, मोठ्या बाईंनी बोलावलंय. शिडी घेऊन ये.

बाई पुढच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. घराच्या वास्तुशांतीला मी तिथं दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. कठड्याला, खांबांना, फाटकाच्या कमानीला. कारंज्यात त्या घराचं नाव झालं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. पाच-सहा गिऱ्हाइकं मला ती माळ बघून मिळाली.

बाईंनी खाली बोट दाखवलं. खांबांच्या बुडाशी पाखरांचे ढीग पडले होते.

"विलास, वरच्या खोलीत आता एक नाही मरत. मी रोज पाह्यतो. मंग इथं काहून मरतात?"

"आई, ते शोभेचे दिवे हायेत," अजितशेठ आतून म्हणाले.

"कोनाच्या शोभेचे?" बाई म्हणाल्या. "इथं तं कासवही नाही."

अजितशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शिडी लावली आणि कमानीपासून सुरुवात केली.

गिऱ्हाइकाला आपला धंदा समजावून सांगताना जरा जपून सांगावं. एखादं खरंच समजून घेतं, आणि मग आपणच लावलेले दिवे आपल्यालाच उतरवावे लागतात.