कोल्लिडमच्या वाळूतली हाक

असले अनुभव सांगणारा कोणी घरी आला की मी त्याला आधी कॉफी पाजायचो आणि मग हसून हसून बेजार करायचो. आता माझी पाळी आहे. हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

आम्ही कुंभकोणमचे, मेलकावेरीत राहतो. घराणं कधीकाळी तंजावरच्या दरबारामागून इकडे आलं आणि इथलंच झालं. मी काही वर्षं पुण्यात नोकरी केली म्हणून हे तुम्हाला कळेल असं लिहितोय. आमचं घरातलं मराठी ऐकून तिथले मित्र म्हणायचे, हा माणूस बखरीतून उठून आलाय... आणि हे मराठीही फक्त घरातच. उंबरा ओलांडून चपला घातल्या की तमिळ, अगदी बापलेकीतसुद्धा. असा नियम कोणी केलेला नाही, पण मोडतही कोणी नाही.

माझी मुलगी सगुणा, वय वर्षं नऊ. रविवारी आम्ही दोघं गाडी काढून भटकायला जातो. डोंगर इकडे औषधालाही नाही, म्हणून नदीकाठ तुडवायचा आणि त्याला ट्रेकिंग म्हणायचं. रस्ता चुकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. त्या पहाटे निघताना बायको म्हणालीच, “कुठेंही जा, पोरीला परत आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

मार्गळीचे, म्हणजे मार्गशीर्ष-पौषातले थंडीचे दिवस. तिरुप्पनंदाळच्या पुढे कोल्लिडम नदीच्या काठावर गाडी लावली तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं असं की नदी नुसती ऐकू येत होती. माझ्या डोक्यावर माकडटोपी. पाणी पार पलीकडच्या काठाला, अलीकडे वाळूच वाळू. कुठल्याशा देवळातलं गाणं धुक्यातून येत होतं, कधी समोरून, कधी मागून. सगुणा तमिळमध्येच म्हणाली, “अप्पा, आपण ढगात चालतोय.” मलाही तसंच वाटत होतं. पायाखाली जमीन आहे की नाही, याची काळजीच उरली नव्हती.

बरंच आत गेल्यावर लक्षात आलं, चिंचभाताचा डबा गाडीच्या टपावर राहिला. माझी अक्कल पाहा — तिला वाळूत रुतलेल्या एका ओंडक्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, “इथेच थांब, आलोच.”

डबा मिळाला. ओंडका मिळेना.

आमच्या पावलांवरून परत निघालो होतो, पण मध्येच ती माझीच, गोल फिरलेली पावलं निघाली. मग मी तमिळमध्ये हाका मारायला लागलो. “सगू, इंगे वा.” इकडे ये, इकडे ये... उत्तर नाही. गाणंही थांबलं होतं. डबा छातीशी धरून मी धुक्यात उभा, आणि डोक्यात बायकोचं एकच वाक्य.

किती वेळ गेला सांगता येत नाही. धुकं विरळ झालं तेव्हा सगुणा समोरच दिसली, ओंडक्याला टेकून, शांत. धावणार तोच पाय अडला. आमच्या दोघांच्या मध्ये वाळू उपसलेला खड्डा होता, काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेला. कडेची वाळू माझ्या पायाखाली ढासळत होती. माझ्या हाकेसरशी ती सरळ आली असती तर... पुढचं मी अजून पूर्ण करत नाही.

वळसा घालून तिला गाठलं.

“माझी हाक ऐकली नाहीस?”

“ऐकली.”

“मग आली का नाहीस?”

“तुम्हीच नको म्हणालात.” तिने मागे बोट दाखवलं. “इकडून. मराठीत. ‘बाळ, तेथेंच उगी रहा, पुढें येऊं नको.’”

“मी तर समोर होतो गं.”

“समोरचे अप्पा तमिळ बोलत होते. मला वाटलं थट्टा करतायत, नेहमीसारखी. अप्पा बाहेर मराठी बोलले म्हणजे खरंच काहीतरी असणार ना?”

तिच्या स्वेटरवर दव मोत्यांसारखं दाटलं होतं, नुसता उजवा खांदा कोरडा होता. मी हात लावून पाहिला. उबदार होता.

तिच्या मागे वाळूच होती, दूरपर्यंत. पावलं फक्त आमची.

ती मराठी हाक मला ऐकू आली नव्हती; माकडटोपीतून तुला काय ऐकू येणार, असं मित्र म्हणतात. पोरीला भास झाला असेल, असंही म्हणतात. असेल. पण त्या सकाळी त्या वाळूत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक तमिळमध्ये ओरडत होता. बायकोला सगळं सांगितलं. तिने उठून देवापाशी दिवा लावला.

आमचं भटकणं चालू आहे. आता मी बाहेरही सगुणाशी मराठीतच बोलतो, लोक वळून बघतात. पण धुकं असलं आणि मी हाक मारली की ती लगेच येत नाही. मान जराशी उजवीकडे कलवते, क्षणभर थांबते... आणि मग येते.

मी तोवर जागीच उभा राहतो. डबा हातातच असतो.