आवाज न करणारी मोटर

मोटरीच्या बाबतीत माझ्या कानाशी आमच्या घरात कोणी वाद घालत नाही. माहेर रिठदचं, विहिरीवरच वाढले. वडील पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू मोटरीला टेकवायचे आणि मूठ माझ्या कानाला लावायचे. "सांग, बेअरिंग हाये का गेलं?" मी सांगायचे आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. लग्न होऊन कारंज्याजवळच्या या भाजीच्या मळ्यात आले, ती हा कान घेऊनच. मोटर जळणार असली तर ती जळायच्या आधी मला कळतं.

भांडी धुवायचं मशीन आमच्याकडे आलं ते धाकट्या जावेच्या हातांसाठी. साबणाने तिची बोटं इतकी फाटली होती, की मेथीची जुडी बांधताना केळीच्या सोपटाच्या दोरीवर रक्त लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, साबणपाण्यात हात घालायचाच नाही, नाहीतर मलमाचा काही उपयोग नाही. रबरी मोजे घालून पाहिले, तर आत घामाने जास्तच चिघळलं. भांडी मी घासते म्हटलं, तर मी मळ्यात गेले की ही घासून मोकळी. "तुमी तरी किती कराल?" म्हणायची.

तिची लेक पहिलीत जाते. एका सकाळी वेणी घालून घेताना पोरगी म्हणाली, "आई, तुये हात टोचतेत." दुसऱ्या दिवसापासून ती फणी घेऊन माझ्याकडे यायला लागली.  मी पोरीची वेणी घालायला बसले की जावेला गोठ्यात काहीतरी काम निघायचंच. मला ते पाहवत नव्हतं. आईचे हात पोरीला नकोसे व्हावेत, यापेक्षा वाईट काय असतं?

पहिलं मशीन दिराने बदली झालेल्या एका साहेबाकडून जुनं आणलं. मी आधी मागचा पत्रा काढून मोटर पाहिली. ओळखीचीच निघाली. तांब्याची गुंडाळी, बाजूला कंडेन्सर, म्हणजे विहिरीवरच्या मोटरीची नातच. एकाच वेगाने फिरायची आणि मनसोक्त घुमायची. सासूबाई खूश होत्या. पण संध्याकाळी डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटरी एकदम लागल्या आणि घरातले दिवे पिवळे पडले, की ही बया नुसती घुं घुं करत जागच्या जागी बसायची. मी कंडेन्सर बदलला, तरी तेच. या जातीच्या मोटरीचं असंच असतं. व्होल्टेज थोडं पडलं की तिचा जोर भलताच पडतो. शेवटी एका संध्याकाळी धूर निघाला. गुंडाळून आणता आली असती, कारंज्यात ते काम करतात. पण व्होल्टेज कुठून गुंडाळून आणणार?

मग मी स्वतः दुकानात गेले. दुकानदार ताटं किती मावतात ते सांगत होता. म्हटलं, ताटं राहू द्या, मोटर कोणती ते बोला. ब्रशलेस होती. हिच्या फिरत्या भागात चुंबक असतं आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड तिला हवा तसा वेग देतं. सुरू होताना झटका नाही, व्होल्टेज पडलं तर कार्ड बरंचसं सांभाळून घेतं. खोट एकच. कार्ड गेलं तर तांब्याची तार कामाची नाही, नवीनच मागवावं लागतं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तरी घेतली, कारण आमच्या संध्याकाळी तीच टिकणार होती.

मशीन बसलं आणि नवीनच पंचाईत झाली. मशीन आवाजच करेना. आमच्या मळ्यात कोणतीही मोटर गप्प झाली की ती जळाली, हे लहान पोरालाही कळतं. सासूबाई येता-जाता दार उघडून पाहायच्या. दार उघडलं की मशीन थांबतं. थांबलेलं पाहून त्यांची खात्री पटायची आणि त्या बटण बंद करायच्या. आत भांडी तशीच खरकटी. कधी चुकून धुणं पूर्ण झालंच, तर शेवटी पाणी बाहेर फेकणारी छोटी मोटर तेवढी घुरघुरायची. सासूबाईंचा निकाल ठरलेला, "हे नुसतं पानी पिते अन् थुकते. पोहरादेवीची यात्रा झाली का वापस करा."

पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला आले. जेवणं उरकून मी मशीन भरलं, सुरू केलं आणि पाहुण्यांची अंथरुणं घातली. परत येते तर मशीन बंद, आणि जाऊ मोरीत भांड्यांच्या ढिगासमोर बसलेली. राखेत पाणी सांडावं तसा करडा साबणाचा फेस, आणि त्यात लाल रेघ.

माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, काहून बंद केलं जी?"

"मेलेलं हाये ते! आवाज कुठी हाये त्याचा?"

"मांजर आवाज करून येते काय? तरी दूध संपतेच ना!"

"तुया कानाले तरी आयकू येते काय?"

खरं तर मलाही येत नव्हतं. मग वडील आठवले. मी सारी भांडी पुन्हा मशीनमध्ये घातली, चालू केलं, पेचकस आणला. टोक खालच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ सासूबाईंच्या कानाला. त्या आधी वैतागल्या. मग डोळे बारीक करून ऐकत राहिल्या. "अगं माय," त्या हळूच म्हणाल्या, "हे तं पळून राह्यली!"

तेव्हापासून पेचकस मशीनच्या डोक्यावर असतो. दाराला हात लावायची कोणाची बिशाद नाही, सासूबाई पहारा देतात. त्या ऐकतात, आणि "चालू हाये" असं साऱ्या घराला सांगतात.

बोटं भरून यायला वेळ लागला. ती भरली, त्यानंतर एका सकाळी पोरगी फणी घेऊन नेहमीसारखी माझ्यापुढे बसली. जाऊ गोठ्याकडे निघाली होती. मी तिला हाक मारली आणि फणी तिच्या हातात दिली. पोरीने सवयीने मान आखडली. जावेचा हात थांबला, मग तिने पेड घातला, दुसरा घातला.

"घट्ट घाल ना आई," पोरगी म्हणाली, "सैल होऊन राह्यली."

जाऊ रडायला लागली. मीही रडले, लपवत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "हळू रडा व दोघी! मोटर आयकू नाही येऊन राह्यली."