येलदरीचे मामा आणि शिकवणारी यंत्रं

शिकवणाऱ्या यंत्रांनी या जगात कोणाचा धसका घेतला असेल, तर तो माझ्या येलदरीच्या मामांचा. मामा धरणावरच्या वीजघरात ऑपरेटर होते. एकटा जीव, कॉलनीतल्या दोन खोल्या, आणि त्या खोल्या भरून दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी. कोणाचा मेहुणा मुंबईहून, कोणाचा भाऊ आखातातून मुलांसाठी काहीतरी बॅटरीवर चालणारं आणायचा, आणि ते मुलाच्या हाती पडण्याआधी मामांकडे तपासणीला यायचं. आधी आपण विद्यार्थी व्हायचं, हा मामांचा नियम. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस व्हरांड्यात मांडी घालून एका पिवळ्या खोक्याला 'हत्ती कुठं आहे' ते बोटाने दाखवत बसायचा, तेही आठ-आठ दिवस.

एकदा कोणीतरी प्रश्नोत्तरांची पाटी आणली. प्रश्नाला एक तार लावायची, उत्तराला दुसरी. बरोबर असलं की दिवा लागायचा. सगळी कॉलनी खूश. मामांनी दोन दिवस ती खेळून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर टॉवेल बांधून दहाच्या दहा दिवे लावून दाखवले. प्रश्नपत्रिका कुठलीही घाला, उत्तरांच्या जागा त्याच होत्या. "डोळे झाकून पास करणाऱ्या शाळा आपल्याकडं काय कमी हायत? आणखी विकत कशाला आणायची?" असं म्हणून त्यांनी पाटी परत केली. दुसरं एक खेळणं आकडा दाबला की टाळ्या वाजवायचं. मामांनी सकाळभर मुद्दाम चुकीचे आकडे दाबले, टाळ्या तशाच. "चुकल्यावरबी वाहवा करतंय, हे मास्तर न्हाई, हे तर हुजऱ्या हाय," मामा म्हणाले, आणि त्याच्या मालकाशी त्यांचं सहा महिने बोलणं बंद झालं.

या सगळ्याला आम्ही इकडे मानवत गावी बसून हसत होतो. पण त्या वर्षी माझी मंगल सहा वर्षांची झाली आणि माझं हसू थांबलं. मंगलला अक्षर म्हणून येत नव्हतं. पाटीपुढे बसवलं की ती तोंड मिटून घ्यायची, शाळेत तर शब्दही काढायची नाही. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "हिला पुन्हा पहिलीतच बसवू." सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. मी रडत रडत मामांना कार्ड टाकलं, की हिच्यासाठी एखादं चांगलं यंत्र निवडा, तुम्हाला त्यातलं कळतं.

पंधरा दिवसांनी मामा रजा काढून आले. जिंतूरमार्गे एसटीने, आणि मांडीवर सतरंजीत गुंडाळलेलं एक खोकं. हैदराबादच्या मित्राकडून त्यांनी घरगुती कम्प्युटर उसना आणला होता. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. त्याचे खेळ कॅसेटवर यायचे आणि टेपरेकॉर्डर लावला की मांजर चिरडल्यासारखा आवाज व्हायचा. "गाडीत कंडक्टर इचारायला लागला, हे काय हाय म्हणून," मामा सांगत होते. "मी म्हणलं, मास्तर हायत, नवी बदली झालीय."

पहिल्या कॅसेटमध्ये चुकलं की विमान कोसळायचं. मंगल घाबरून माझ्या पदराआड गेली. मामांनी कॅसेट काढली. बाकीच्या तिन्ही इंग्रजीत. मराठी अक्षर त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. "मग आपणच शिकवू त्याला," मामा म्हणाले. पिशवीतून त्यांनी चौकटींचे कागद काढले. आठ घरं आडवी, आठ उभी. त्यांतली काही शिसपेन्सिलने काळी केली की अक्षर तयार. ती घरं एकेक करून यंत्राला कळवायची.

"मंगल, माझी नजर कागदावर अन् बटणावर एका टायमाला ठरत न्हाई. तू नुसतं सांगायचं. काळं का रिकामं?"

मंगल कागदाकडे बघत राहिली. मामांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला, "काळं."

"मग?"

"काळं. काळं. रिकामं."

चौसष्ट घरं झाली आणि टीव्हीवर ओबडधोबड, पण खराखुरा म उमटला. "हा तुझ्या नावातला," मामा म्हणाले. मंगल पडद्याला नाक लावून उभी राहिली. तेवढ्यात लाईट गेली आणि म पुसला गेला. सगळ्या जिल्ह्याला वीज पुरवणारा माणूस आमच्या घरी अंधाऱ्या टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसला. सासूबाई हसून म्हणाल्या, "तुमचीच लाईट तुमाला दगा द्यायलीय की ओ!" लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. चौथ्या खेपेला मामांनी कागद हातात घेतला, तर मंगल म्हणाली, "कागद नगं आजोबा. मला येतंय." आणि तिने डोळे मिटून सगळी घरं म्हणून दाखवली. मामांनी बटणं दाबली नाहीत. ते नुसते ऐकत राहिले.

रजेच्या महिनाभरात दोघांनी पुष्कळ अक्षरं केली. एके दिवशी मंगल ओरडली, "आजोबा, तुमचा भ लंगडा हाय! हितं एक घर राह्यलंय." मामांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या चार घरांत जाऊन स्वतःची चूक सांगितली. चुकायला मास्तर हवा आणि पकडायला पोर, हेच त्यांना इतकी वर्षं कुठल्या यंत्रात सापडलं नव्हतं म्हणे. जूनमध्ये बाईंनी फळ्यावर ओळ लिहिली, मंगलने ती अडखळत पण मोठ्याने वाचली, आणि ती दुसरीत बसली. कम्प्युटर मित्राकडे परत गेला. "बिचाऱ्यानं लय काही केलं न्हाई," मामा म्हणाले, "पण मधे मधेबी केलं न्हाई."

पुढे मामा निवृत्त झाले आणि कॉलनी सोडून धरणाकाठीच एका घरात राहू लागले. सुट्टीत आम्ही गेलो की मंगल त्यांना पेपर वाचून दाखवायची. चष्मा खिशात ठेवून ते ऐकत बसायचे. बातम्या संपल्या की जाहिराती, जाहिराती संपल्या की धरणांतला पाणीसाठा. एकदा ती वैतागली. "आजोबा, येलदरीचं पाणी काय वाचायचं? धरण तर समोर दिसायलंय की!"

मामांनी पाण्याकडे पाहिलंदेखील नाही. "दिसू दे," ते म्हणाले. "तू वाच."