मोदक आत, बीपी बाहेर

“तुमच्या लोकांना काय, मोर्चाची सवयच असते,” तो म्हणाला आणि म्हणता म्हणता शर्टाची बाही वर करून त्याने दंड माझ्यापुढे धरला. बीपी मोजायला.

माउंट वेलिंग्टन या आमच्या उपनगरातलं त्याचं घर. गणपतीची आरती नुकतीच झाली होती. पुण्या-मुंबईची माणसं, बहुतेक आयटीतली, हातात मोदकाच्या डिश घेऊन उभी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. दर वर्षी निमंत्रणातच असायचं, “सिस्टर, मशीन घेऊन या.” माझं नाव त्या घरात कुणी घेत नसे.

पहिल्या वर्षी त्याच्या बायकोने आडनाव विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून मोदक वळायला सगळ्या बायका आत आणि मी बाहेर, पाहुण्यांच्या दंडांना पट्टा बांधत. माझे हात त्यांच्या अंगाला चालायचे. उकडीला चालायचे नाहीत.

मी सरकारी हॉस्पिटलात नर्स. दुसऱ्या दिवशी आमचा संप होता. पगाराची बोलणी फिसकटली होती, सोडून गेलेल्यांच्या जागा भरत नव्हते. ओल्या चादरीवर पडलेल्या म्हाताऱ्याला “आलेच” म्हणायचं आणि जायचं नाही, कारण दुसरीकडे घंटा वाजतेय. वरून ‘किया ओरा’ या इथल्या नमस्काराने सुरू होणारी ईमेल यायची, आभाराची. सोबत स्टाफरूममध्ये मफिन. साहेबांना वाटतं, मफिन खाल्लं की नर्सला आणखी दोन हात फुटतात.

तरी संपावर जायचं माझं नक्की नव्हतं. परक्या देशात कशाला नजरेत या, असं वाटत होतं.

आणि हा. राजधानीत, वेलिंग्टनला, सरकारी खात्यात मोठा माणूस, विमानाने जा-ये करणारा. खर्च कुठे कापायचा हे ठरवणाऱ्यांपैकी एक. स्वतःची बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, ते बायकोला विचारतो.

“बजेट टाइट आहे हो, हीप्स ऑफ प्रेशर आहे,” तो सांगत होता. “आपण बाहेरून आलेले. ग्रेटफुल राहावं. उद्या पेशंट मेला तर?”

“तातडीच्या पेशंटसाठी माणसं ठेवलीत,” मी म्हणाले. “आम्ही ठेवलीत.”

तेव्हा त्याने ते ‘तुमचे लोक’ काढलं. तुमचे लोक म्हणजे नर्सेस नव्हेत, हे त्या हॉलमध्ये प्रत्येकाला कळलं. सगळे मोदक खात राहिले.

माझे वडील आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात सफाई कामगार होते. उघड्या हातांनी घाण उचलायचे. हातमोजे मिळावेत म्हणून मोर्चात गेले. मिळाले. तेच हातमोजे घालून ते निवृत्त झाले.

पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळून झाला होता. मी तो ओढून काढला. चर्रकन आवाज झाला.

“तुमचं मी मोजणार नाही.”

“अहो सिस्टर, गंमत केली!”

“मी नाही केली.”

त्याची आई दर वर्षी पुण्याहून सहा महिन्यांसाठी यायची. तिचं मात्र मोजलं. म्हातारीने माझं काही बिघडवलं नव्हतं. जास्तच निघालं.

“आजींना डॉक्टरकडे न्या,” मी त्याच्या बायकोला म्हणाले. “मागच्या वर्षीही सांगितलं होतं. नेलं नाहीत.”

घरात फुकटची नर्स असताना डॉक्टरकडे कोण जातं! मी मशीन पिशवीत भरलं आणि निघाले. तो बाही खाली करायची विसरला होता. मला त्याची कीवसुद्धा आली नाही.

सकाळी मी ओटाहुहूला आमच्या हॉस्पिटलबाहेर रस्त्यावर होते. हातात पाटी, गळा फाटेस्तोवर घोषणा.

मोर्चाची सवय आहे म्हणाला ना? आहे. बापाकडून आली आहे, मी ती सोडणार नाही. त्याच्या घरी मशीन घेऊन पुन्हा जाणार नाही. बीपी मोजून हवं असेल तर त्याने आमच्या हॉस्पिटलात यावं. सगळ्यांसारखं बाकावर बसावं, घंटा ऐकत. नर्स का येत नाही, ते बसल्या बसल्या त्याला कळेल.