पितळी टोपीची ट्यूब

"अरं, कोन हाय तो शिडीवर? देवाची लाइट काढतोस? उतर खाली, नायतर शिडी वढतो!"

कळंबच्या देवळातला गुरव खालून असा ओरडत होता, की माथेरानवरची माकडं दचकून नेरळला उतरली असतील. मी शिडीच्या टोकावर. काखेत मोहोपाड्याहून आणलेली कोरी ट्यूब, हातात पट्टीतून निम्मी सोडवलेली जुनी. मी खाली वळून पाहिलं तसा त्याने कपाळावर हात मारला. "आगं बया! जावईबापू, तुमी?"

बायको कळंबची, म्हणून मी आख्ख्या गावाचा जावई. पण बायको गेली, पोरबाळ नव्हतं, आणि बायको नसताना सासरी जाऊन जावयाने बसायचं कुणासमोर? येणं आपसूक तुटलं. त्या दिवशी आलो तो ट्यूबेसाठी. देवळाला नवा सभामंडप होणार, जुने दिवे मोडीत निघणार, असं कर्जतच्या बाजारात कानावर आलं, आणि मी पहिली एस.टी. पकडली. कंडक्टरने काखेतल्या ट्यूबेकडे पाहून विचारलं, "हिचं अर्धं की पूर्ण?" म्हटलं, "पूर्ण द्या, खिडकीशी बसेल."

आता ट्यूबांचं सांगतो. रसायनीच्या एका कारखान्यात मी वीजदुरुस्तीच्या खात्यात होतो आणि जुन्या ट्यूबा जमवायचो. दोन तालुक्यांत माझ्या तोडीचा ट्यूबपारखी नव्हता. दुसरा ट्यूबपारखीच नव्हता, हा भाग वेगळा. नुसत्या वासावरून मी सांगायचो, ट्यूब कुठल्या पाळीत बनली आणि त्या पाळीवाल्याच्या डब्यात भाजी कसली होती. कर्जत स्टेशनातली एक मोडीत निघालेली ट्यूब घरी आणली, तर पेटेचना. घाट चढवायला गाडीला मागून लावतात त्या इंजिनांची धडधड तिच्या अंगवळणी पडलेली. आमच्या खोलीतली शांतता तिला सोसेना. पट्टीवर बुक्क्या घातल्या तेव्हा कुठे बाईसाहेब उजळल्या.

खरी पारख मात्र साधी. आधी टोकाची टोपी बघायची. जुन्या ट्यूबेची टोपी पितळेची, नंतरच्यांची अॅल्युमिनियमची. मग काचेवर तोंडाची वाफ सोडायची. पुसून गेलेला सालाचा शिक्का धुक्यातून वर येतो, आणि वाफ उडायच्या आत वाचावा लागतो.

संध्याकाळी कॉलनीतल्या खोलीत मी एकेक ट्यूब लावून बघायचो. एकीचा पांढरा निळसर, एकीचा दुधाळ, एकीचा जरासा गुलाबी. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "भावजी, काल पाहुणे होते का? लखलखाट होता नुसता." मी म्हटलं, "मुंबईहून वीस जण आलेत. अजून आहेत." त्या माउलीने पातेलंभर कढी पाठवली. पाहुणे जेवेनात म्हणून ती मला आंबेपर्यंत पुरली.

या सगळ्या गोतावळ्यात एकच ट्यूब नव्हती, पहिली. क्वार्टर मिळाली तेव्हा मी स्वतः बसवलेली, पितळी टोपीची. तिच्या उजेडात हाताची सावली पडत नाही म्हणून बायको तांदूळ निवडायला मुद्दाम दिवे लागल्यावर बसायची. "खडासुद्धा लाजतो बघा," म्हणायची. ती गेल्यावर मला तो उजेड बघवेना. वर्षश्राद्धाला ट्यूब काढली आणि तिच्या माहेरच्या देवळाला दिली. लोक दान दिलेल्या पंख्यावर, घंटेवर नाव घालतात, तसं मी तिचं नाव घातलं. पण पट्टीवर नाही, थेट काचेवर, तांबड्या ऑइलपेंटने, म्हणजे नाव उजेडातच राहील. ब्रशला रंग जास्त झाला आणि शेवटच्या अक्षरातून रंगाचा एक ओघळ खाली आला. तो तसाच वाळला.

तीच ट्यूब मला परत हवी होती. कोरी देऊन ती न्यायची, मांडीवर घेऊन एस.टी.त बसायचं, असं मी ठरवून आलो होतो.

शिडीवरून मी ती फिरवून खोबणीतून सोडवली. वर तांबडं नाव. शेवटच्या अक्षराखाली ओघळ. माझाच! हात लावल्याबरोबर ओळखला. मग सवयीने टोपीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

अॅल्युमिनियम.

दुसरं टोक पाहिलं. तेही अॅल्युमिनियम. काचेवर वाफ सोडली, तर शिक्का अगदी अलीकडचा. माझ्या हातात बायकोचं नाव होतं, ओघळ होता, आणि ट्यूब कुणा परक्याची होती. पाच वेळा वाफ सोडली असेन. उगाच.

"ही माझी नाही," मी वरूनच म्हटलं.

"मंग काढलीत कशाला?" गुरव म्हणाला.

"माझी कुठंय?"

"ती कवाच गेली. त्यावर किती झाल्या ते देवालाच ठावं. ट्यूब काय जलमभर टिकती व्हय?"

आयुष्यभर ट्यूबा चाळलेल्या माणसाला हे गुरवाने सांगावं!

"गेल्यावर काय केलंत तिचं?"

"फोडून मागं पुरली. पोरांच्या पायात काच जाया नको."

"मग हे नाव?"

"आमची मंडळी काढती. जुनी म्होरं ठेवती, नवी मांडीवर घेती आन बघून बघून काढती. दोघी ल्हानपनी संगं नदीवर जायच्या ना."

"आणि हा ओघळ?"

"कसला वघळ?" त्याने मान उंचावून पाहिलं. "तिला वाचता नाय येत. दिसतं तसं काढती. तो नावातलाच हाय ना?"

मी ट्यूब परत खोबणीत बसवली. गुरवाने बटण दाबलं. ती दोनदा चाचपडली आणि लागली. भर दुपारी कुणाला नको असलेला तो उजेड नावाच्या कडांनी खाली आला. मी शिडी उतरलो, कोरी ट्यूब त्याच्या हातात दिली. त्याने ती कोपऱ्यात उभी केली आणि शिडी मिटायला घेतली.

"इतकी वर्षं नाव काढत आलात," मी म्हटलं, "मला एका शब्दाने कळवलं नाहीत?"

"तुमी आलाव कुठं?" तो म्हणाला.