पाचव्या शिंगाड्याचं भोक

विचित्र अनुभवांच्या या ग्रुपवर मी तीन वर्षांपासून आहे, पण लिहितेय पहिल्यांदाच. आतापर्यंत फक्त वाचायचे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसण्यासाठी. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही आहे असं म्हणवत नाही. मला कारण लागतं. सिरॅमिक्स शिकणाऱ्या कोणालाही लागतं – भांडं का तडकलं ते कळलं नाही तर पुढचंही तडकतं.

आधीच सांगते, यात भूत दिसलं वगैरे काही नाही. दिवसाढवळ्या घडलेलं आहे, तीन जणांसमोर. आणि मला तेव्हा भीती वाटलीच नाही... उलट इतका आनंद झाला की नाचायचंच बाकी होतं.

मी गोंदियाची, घर फुलचूरला. शाळा इंग्लिश मीडियम, घरात मराठी, बाजारात हिंदी. त्यामुळे लिहिण्यात तिन्हींची सरमिसळ झाली तर सांभाळून घ्या. गोष्ट गेल्या वर्षीची. नागपूरच्या एका आर्ट कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मालिका करायची असते. बाहेरून परीक्षक येतात, वर्गातल्या फक्त सहा जणांचं काम निवडतात आणि ते शहरातल्या एका गॅलरीत लागतं. मला त्या सहांत यायचं होतं. फार यायचं होतं. मी वर्गात बोलत नाही – सरांना माझं नाव दुसऱ्या वर्षी कळलं. मला वाटायचं, काम एकदा तिथे मांडलं गेलं की तेच बोलेल, मी गप्प राहिले तरी चालेल.

मी शिंगाडे करायचे ठरवले. आमच्याकडच्या तलावांत जे होतात ते – काळे, दोन शिंगं असलेले. पाच शिंगाडे, चढत्या आकाराचे. पहिला मुठीत मावणारा, पाचवा मोठ्या भोपळ्याएवढा. सगळे आतून पोकळ आणि चहूबाजूंनी बंद. पाचवा शिंगांमुळे कॉलेजच्या इलेक्ट्रिक भट्टीत मावला नसता, म्हणून मी सगळंच काम गोंदियाला हलवलं. नागऱ्याच्या पुढच्या एका गावात पप्पांच्या ओळखीच्या देवकामावशी आहेत, कुंभारकाम करतात. लाकडाची भट्टी आहे त्यांची. माती गावातल्याच तलावाची. पप्पा मला सकाळी स्कूटीवर सोडायचे आणि संध्याकाळी न्यायचे.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. मातीची वस्तू बंद असेल तर तिला एक बारीक भोक ठेवावंच लागतं. माती वाळलेली दिसली तरी आत थोडी ओल असते. भट्टीत तिची वाफ होते, हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट नसेल तर वस्तू फुटते. एकटी नाही फुटत, शेजारच्यांना घेऊन फुटते. हे आम्हाला पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

चार शिंगाड्यांना मी डाव्या शिंगाखाली सुईने भोक पाडलं होतं. पाचव्याचा सांधा फार ओला होता, म्हटलं उद्या पाडू. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, नागऱ्याला शंकराची जत्रा. पप्पा म्हणाले, "आज नागऱ्याच्या रोडने? जत्रेत स्कूटी अडकली तर संध्याकाळी पोहोचशील." मग पाहुणे आले. चार दिवसांनी मी गेले तेव्हा माती घोटण्याजोगी झालेली होती आणि मी ती घोटत बसले... चमच्याच्या पाठीने, तीन दिवस. त्या शिंगाड्याचा बोटभरही भाग असा नाही जो मी घोटला नाही. एवढी चमक आली की मी हरखून गेले. भोक पाडायचं राहिलं ते राहिलंच.

तीन आठवड्यांनी भट्टी लावायची ठरली. मावशींचे उन्हाळ्याचे माठ आणि माझे शिंगाडे एकत्र. त्या सकाळी मी पाचही शिंगाड्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कॉलेजच्या फाइलसाठी.

मावशींची एक पद्धत आहे. भट्टीत ठेवण्याआधी त्या प्रत्येक वस्तूवर बोटाचं पेर मारून कान लावतात. माझ्या पाचव्यावर मारलं आणि थांबल्या.

"याले भोक हाय न?"

"हो मावशी," मी म्हटलं.

कोणी अचानक काही विचारलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं. विचार नंतर येतो. मावशींनी शिंगाडा खाली मधोमध ठेवला, भोवती माठ रचले, वर गवत, भुसा आणि मातीचा लेप. त्यांच्या मुलाने, मुन्नाभाऊंनी, सकाळी दहाला आग लावली.

तासाभराने मी झाडाखाली बसून वही लिहायला घेतली. प्रत्येक वस्तूसमोर – वजन, जाडी, भोक कुठे. चारांसमोर लिहिलेलं. पाचव्यासमोर रिकामं.

तेव्हा आठवलं – त्याला भोक पाडलंच नव्हतं. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी कोणाला काहीच बोलले नाही. नुसती भट्टीकडे बघत राहिले. माझा शिंगाडा गेला हे तर होतंच. पण भोवती मावशींचे माठ होते... महिनाभराचं काम. शेवटी उठले.

"मावशी, मोठ्याला भोक नाहीये."

"का म्हन्लीस?"

"मी विसरले. मघाशी उगाच हो म्हटलं."

"अवो, मी ठोकून इचारलं न तुले! मंग तवाच काऊन नाही सांगितलं?"

मुन्नाभाऊ पाण्याची बादली घेऊन उभे. "बुझा दूँ क्या, माय?"

"बुजवून का करतं? थंडी हवा लागली त सारेच माठ तडकतीन. लाकूड हळू टाक, एवढंच." मग माझ्याकडे वळून, "अन् तू कायले रडून राहिली? रडून का भोक पडते? बस तिकडं. फुटंन त फुटंन."

मी बसले. प्रत्येक लाकूड तडकलं की मला वाटायचं, गेला. मुन्नाभाऊ मला हसवायला म्हणाले, "दीदी, बम बनाया तुमने, बम."

साधारण बारा वाजता तो आवाज आला. स्फोटाचा नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की येतो तसा – लांब, जाडसर, चार-पाच सेकंद. भट्टीच्या आतून. आम्ही तिघांनीही ऐकला. मावशींच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"ये क्या था?" मुन्नाभाऊ म्हणाले.

"सुटली," मावशी म्हणाल्या.

"काय सुटली?" मी विचारलं.

"मले का माहीत? सुटली एवढं समजलं." आणि त्यांनी लाकूड आत सारलं.

त्यानंतर काहीच नाही. भट्टी नेहमीसारखी तापली, संध्याकाळी निवायला सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली.

पहिला माठ साबूत. दुसरा साबूत. मुन्नाभाऊ एकेक काढून देत होते आणि मी दोन्ही हातांनी घेत होते, प्रत्येक माठ बघून मोठ्याने 'चांगला' म्हणत होते – मी, मोठ्याने! एकही फुटलेला नव्हता. माझे चार लहान शिंगाडे निघाले. मग मावशी स्वतः वाकल्या आणि पाचवा उचलला. केशरी, एका शिंगावर धुराचा काळा पट्टा. एक चीर नाही.

"घे, तुहं लेकरू. शिंगांसकट निघालं." मग त्यांनी तो फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला. "भोक त हाय! कायले मले उगाच घाबरवलं? दिवसभर माह्या जिवाले घोर!"

दोन शिंगांच्या बरोबर मध्ये, वरच्या बाजूला, करंगळीएवढं गोल भोक होतं.

मी फोन काढला. आदल्या सकाळचा फोटो, तीच बाजू, झूम करून दाखवला. घोटलेली, चमकणारी माती. भोक नाही. मावशींनी फोन हातात घेतला, फोटो पाहिला, शिंगाडा पाहिला, पुन्हा फोटो. मग भोकात करंगळी घातली आणि हळूच कडेवरून फिरवली.

"हे आतून काढलं हाय," त्या म्हणाल्या.

मीही बोट फिरवलं. कडा बाहेरच्या बाजूला वळलेली होती, ओल्या मातीला आतून बोट खुपसल्यावर वळते तशी. एवढंच नाही. वळलेली कडा कोणीतरी ओल्या बोटाने गुळगुळीत करून बसवली होती. आम्ही सगळे हेच करतो, कडेपासून तडा जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्याने कोणी ते केलं त्याला काम येत होतं!

"पण कोणी, मावशी?"

"आतमंदी कोन जाईन?" त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा कडेवरून बोट फिरवलं. "काम साजरं हाय पन. तुह्यापेक्षा बरं."

मी टॉर्च लावून आत पाहिलं. रिकामं. मग मला हसूच आवरेना. शिंगाडा पोटाशी धरून मी अंगणात गोल गोल फिरत होते. "दीदी गई," मुन्नाभाऊ म्हणाले.

नागपूरला सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, तू माती ओली असताना पाडलं असशील आणि विसरली असशील. मग तीन दिवस मी काय घोटत होते? आणि फोटो? बरं, वाफेने उडालं असेल, सर म्हणाले. वाफेने टवका उडतो, कडा धारदार होते. वाळलेली माती वळत नाही, तिचा चुरा होतो. कोणी नंतर ओलं करून पाडलं म्हणावं, तर वाळलेली माती एका जागी भिजवली की तिथेच फुटते. सरांनी फोटो मागेपुढे केला, चष्मा काढला, पुसला.

"हे बघ, फॉर्मवर 'सर्व काम माझ्या हातचं आहे' अशी सही करायची असते. उगाच घोळ नको. तो जरा फिरवून ठेव, भोक भिंतीकडे."

मी दोन दिवस विचार केला. फिरवूनही पाहिला. पण त्या पाचांमध्ये ते भोकच सगळ्यात सुंदर होतं. पुढेच ठेवलं.

परीक्षक बाई आल्या, पिकलेले केस, बारीक नजर. बाकीचे चार ओलांडून सरळ पाचव्याकडे. बोट फिरवलं.

"आतून बाहेर? बंद वस्तूला? कसं केलंस?"

त्यांच्या मागे उभे राहून सर मला मान हलवून खुणावत होते – काहीतरी सांग, काहीतरी सांग.

"मॅडम, हे मी केलेलं नाही," मी म्हटलं. "कोणी केलं ते मला माहीत नाही."

आणि मग मी सगळं सांगितलं. विसरणं, खोटं 'हो', माठ, आवाज, फोटो. चार वर्षांत त्या वर्गात मी एवढं एकदम बोलले नव्हते. सगळे वळून बघत होते. मला वाटलं, संपलं आता. निवड गेली.

बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सुंदर स्टेटमेंट आहे."

"मॅडम, मी रचलेलं स्टेटमेंट नाही, हे खरंच –"

"हो हो. असंच ठामपणे सांगायचं. कामाशेजारच्या कार्डवर हेच लिही."

मी निवडले गेले! त्या सहांत. हॉस्टेलच्या जिन्यात मी पप्पांना फोन करून ओरडले तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी अपघात झाला.

गॅलरीत कार्डवर मी लिहिलं – "पाच शिंगाडे. तलावाची माती. पाचव्याचं भोक कोणी केलं, माहीत नाही." लोक वाचायचे, हसायचे, फोटो काढायचे. 'कन्सेप्ट भारी आहे' असं मला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागलं. मी भर गॅलरीत, मोठ्या अक्षरांत खरं लिहिलं होतं आणि एकानेही ते खरं मानलं नाही.

शेवटच्या दिवशी मावशी आणि मुन्नाभाऊ सकाळच्या गाडीने आले. मावशींनी कार्ड वाचून घेतलं, दोनदा.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कामाले आपलं नाव नाही लावलं."

त्यानंतर मी मुद्दाम दोन लहान शिंगाडे केले, बिनभोकाचे. तीच माती, तीच भट्टी, तितकेच दिवस वाळवलेले. मावशींनी शेजारी एकही माठ ठेवू दिला नाही. दोन्ही तासाभरात फुटले, एकामागून एक. म्हणजे माझं शास्त्र बरोबर आहे. बंद वस्तू फुटतेच. मग पाचवा का फुटला नाही, आणि त्याला आतून वाट कोणी करून दिली... वर्ष झालं, मी कारण शोधतेय. सापडलेलं नाही.

मावशींनाही पुन्हा विचारलं. त्या खापऱ्या झाडत होत्या. "मले इचारून का होते?" त्या म्हणाल्या. "हे फुटले ते दोन त पुरे तुह्या हातचे होते न?"