गौरम्माची साक्ष

उदगीरच्या नीलकंठ टॉकीजमध्ये वर बायकांची गॅलरी होती आणि तिच्या दारावर गौरम्मा असायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हातात बॅटरी. नवरा त्याच टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. तो गेल्यावर मालक गुरुपादप्पांनी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, बायांच्या दाराला बाईच पाहिजे." तेव्हापासून बारा वर्षं त्या दारात उभ्या होत्या. अंधारात कुठल्या खुर्चीचा पाय मोडलाय आणि कुठली बाई नुसती रडायला येऊन बसते, दोन्ही त्यांना ठाऊक असायचं.

लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले होते. पावसानं भादव्यातच पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि निम्मं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होतं. अशात माघ महिन्यात टॉकीजला एक भुताचं पिक्चर लागलं. सेन्सॉरनं तीन ठिकाणी कात्री लावून, फक्त प्रौढांसाठी म्हणून पास केलेलं. चार दिवस गर्दी उसळली. मग बातमी उठली की जळकोटची एक बाई पिक्चर बघून झपाटली. कोणती बाई, ते कुणालाच सांगता येईना. पाचव्या दिवशी निवृत्त शिक्षक भुजंगराव दोनशे सह्यांचा अर्ज घेऊन लातूरला गेले. अर्जात लिहिलं होतं की या चित्रपटानं माता-भगिनींच्या मनावर विपरीत परिणाम होतो, शिवाय देवही कोपला आहे. नव्या कचेरीनं तात्पुरती बंदी घातली आणि चौकशीला एक डेप्युटी कलेक्टर पाठवले.

साहेब दुपारी आले. खालच्या खुर्च्यांवर भुजंगराव आणि गावातले चार प्रतिष्ठित बसले. ऑपरेटर तय्यबनं रिळं चढवली. पिक्चर संपलं, दिवे लागले, तसे साहेब मागं वळून म्हणाले, "अर्ज माता-भगिनींच्या नावानं आहे. त्यांच्यापैकी इथं कोण आहे?"

तय्यबनं वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, गौरक्का हाय की. तिनं सगळे खेळ बायांसोबत बघितलेत."

गौरम्मा खाली आल्या. साहेबांनी खुर्ची दाखवली, पण त्या उभ्याच राहिल्या.

"बाई, भूत बघून बायका घाबरतात का?"

"भ्यायला येत्यात म्हणूनच भेत्यात, साहेब. पोरी पदर तोंडावर घेत्यात अन् फटीतून बघत्यात. मंग खिदळत खाली उतरत्यात. त्यात झपाटण्यासारखं काय न्हाई."

"आणि दुष्काळ?" भुजंगराव मध्येच म्हणाले. "असली थेरं चालल्यावर पाऊस पडेल का?"

"गुरुजी, पाऊस गेला भादव्यात. पिक्चर आलं माघात. भुताला एवढं मागं जाता येत आसंल तर मला म्हायती न्हाई."

साहेबांनी हसू आवरलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गौरम्मा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आणखी काही सांगायचंय?"

"हाव. चौथ्या रिळात नवरा बायकूला पट्ट्यानं मारतोय. तवा खाली गडी शिट्ट्या मारत्यात. अन् वर माझ्या बाया गप होत्यात. पार गप. भुताच्या वक्ताला कुणी गप बसत न्हाई, साहेब. मला त्या गप बसण्याचं भ्या वाटतंय."

साहेबांनी सेन्सॉरच्या दाखल्याची नक्कल चाळली. तिन्ही कात्र्या भुताच्या प्रसंगांना लागल्या होत्या. पट्ट्याला कुणी हात लावलेला नव्हता.

"ते घरगुती दृश्य आहे," भुजंगराव म्हणाले. "त्यात आक्षेपार्ह काय?"

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "बाई, कात्री तुमच्या हातात दिली तर तो तुकडा कापाल?"

"न्हाई. कापला तर शिट्ट्या बंद होतील, पट्टा न्हाई. त्यापरीस एक खेळ नुसत्या बायांसाठी लावू द्या. खाली-वर सगळीकडं बायाच. बघू तरी काय करत्यात."

नऊ दिवसांनी बंदी उठल्याचा कागद आला. गुरुपादप्पांनी मंगळवारी दुपारचा खेळ बायकांसाठी ठेवला. गौरम्मा सकाळपासून धास्तावलेल्या होत्या. आपणच तोंड उघडलं आणि कुणी आलंच नाही तर? पण एक वाजता फाटकाशी रेटारेटी सुरू झाली. रस्त्याच्या कामावरच्या बाया पायाला धूळ तशीच घेऊन आल्या. बुरखे आले, नऊवारी आल्या. पहिल्यांदाच त्या खालच्या, पडद्याजवळच्या खुर्च्यांवर बसल्या. आणि डोक्यावरून पदर ओढून, भुजंगरावांच्या मंडळी उमादेवी आल्या. गौरम्मांनी बॅटरी त्यांच्या तोंडावर न मारता पायाशी मारली आणि वर गॅलरीच्या कोपऱ्यातली चांगली खुर्ची दाखवली.

चौथं रीळ लागलं. पट्टा वर गेला. टॉकीज नेहमीसारखं गप झालं. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "बघतीस काय? धर त्येचा हात!"

मग मागून दुसरी ओरडली, "हाण त्याला!" मग सगळं टॉकीज उठलं. बाया खुर्च्यांवर थापा मारायला लागल्या. पुढं ती मेलेली बायको भूत होऊन नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली, तेव्हा तर टाळ्यांनी पत्रे हादरले.

"तय्यबभाई, रीळ परत लावा!" खालून गलका झाला.

तय्यबनं खिडकीतून गौरम्मांकडं पाहिलं. "काय करू, अक्का?"

"लावा," गौरम्मा म्हणाल्या. त्या स्वतः दार सोडून पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या आणि ते रीळ त्यांनी पुन्हा पाहिलं.

कोपऱ्यातला पहिला आवाज कुणाचा, हे त्यांनी ओळखलं होतं. गुरुजींना काय, तय्यबलासुद्धा त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

खेळ सुटला. बाया रांजणाभोवती जमून, एकमेकींना पेला देत पाणी प्यायल्या. टँकरची वेळ झाली म्हणून निम्म्या पळत सुटल्या. उमादेवी सगळ्यात शेवटी जिना उतरल्या. पदर सारखा करत दाराशी थांबल्या आणि हळूच विचारलं, "गौरक्का, पुढच्या मंगळवारी काय लावणार?"